चार हिसके

काळाचौकीच्या मंडळाने यंदा समुद्राच्या तळाचा देखावा करायचं ठरवलं आणि निलेशने माळ्यावरून बापाचा पाणबुड्याचा संच काढला. पाठीवर बांधायचं लोखंडी सिलिंडर, तोंडाशी येणाऱ्या दोन जाड रबरी नळ्या. काचेच्या टाकीत तोच उतरणार होता. त्याच्या आईने, लक्ष्मीने, तो संच लगेच ओळखला. तिचा नवरा कुशाबा माझगावच्या गोदीत हाच संच पाठीवर असताना गुदमरून मेला होता.

सिलिंडरच्या मानेशी एक दांडी होती. उतरताना ती वर हवी. श्वास जड झाला की खाली ओढायची, म्हणजे राखीव हवा सुटते. कुशाबाची दांडी कुठेतरी आपटून आधीच खाली आली होती. राखीव हवा वापरून संपली, त्याला पत्ताच नाही. कमरेच्या दोराला चार हिसके म्हणजे वर ओढा. पण वरचा माणूस दोर खांबाला बांधून विडी ओढायला गेलेला.

"दोर मी धरतलंय," लक्ष्मी म्हणाली.

"टाकी आहे गं आई ती, गोदी नाय."

"असूदे झिला."

भर दुपारी मंडपात चिटपाखरू नव्हतं. दांडी वर आहे, हे तिने बोट लावून पाहिलं. निलेश पाण्याखाली गेला. तिने एक हिसका दिला: ठीक ना? खालून एक आला. बुडबुडे फुटत राहिले. रबराचा कुबट वास नाकात बसला.

मग चार हिसके आले. कासावीस.

तिने जीव खाऊन ओढलं. निलेश वर आला, तोंडातली नळी काढून वैतागला. "कशाला खेचलंस?"

"तूच चार हिसके दिलंस..."

"मी दोराला हातपण नाय लावला."

तिने त्याच्या मानेमागे पाहिलं. दांडी खाली होती.

"ही तू ओढलंस?"

त्याने मागे हात नेऊन चाचपलं. "...नाय."

तो फळीवर बसला, कमरेचा दोर सोडला. मोकळं टोक पाण्यात गेलं. लक्ष्मी दोर गुंडाळू लागली, तोच तिच्या मुठीला हिसका बसला. मग दुसरा. तिसरा. चौथा.

"सोड तो... आई, सोड!"

तिने सोडला नाही. त्या दिवशी दोर आपल्या हातात नव्हता, हे दुःख तिने आजवर गिळलं होतं. पाय रोवून ती ओढू लागली. दोर जड होता. टाकीत सकाळीच नळाचं पाणी भरलं होतं. पण वर येणाऱ्या दोराला गोदीतला काळा, तेलकट चिखल लागलेला होता.