दुसऱ्याची वस्ती

२०७८ साली कराडात रक्तपेढीच्या शेजारीच वस्तीपेढी होती. माणसाच्या आतड्यात अब्जावधी जंतू नांदतात. ते अन्न पचवायला हातभार लावतात, काही तर रसायनांमार्फत थेट मेंदूला निरोप धाडतात. या साऱ्या गोतावळ्याला डॉक्टर ‘वस्ती’ म्हणत. एखाद्याची वस्ती उजाड झाली, की निरोगी दात्याची वस्ती कुपीतून आणून त्याच्या पोटात वसवत. लोक दाढ भरून घ्यायला जावं तसे जात आणि बरे होऊन येत.

नीलांबरी तोडकर मात्र त्या रस्त्यालाही फिरकत नसे.

अठ्ठावन्न वर्षांची नीलांबरी मसाल्याच्या कारखान्यात चवपारखी होती. यंत्रं तिखटपणा मोजत, पण मसाला बाजारात जायचा की नाही हे तिची जीभ ठरवी. चार महिने तिचं पोट बिनसलं होतं. आधी नुसती गुरगुर, मग मुरडा, मग दिवसातून पाच-सहा वेळा धावपळ. तिनं ओवा चावला, बेंबीवर हिंग लावला, तांब्यानं ताक प्यायलं. नवऱ्याला म्हणाली, “वय झालं, दुसरं काय!” खरी भीती निराळीच होती. वस्ती बदलल्यावर कारखान्यातली एक बाई अचानक कारल्याच्या प्रेमात पडली होती. आपल्या जिभेचं असं काही झालं तर?

एका सकाळी कणीक मळताना तिच्या पाटल्या सरळ परातीत गळून पडल्या. शिवलिंगअप्पांनी त्या उचलल्या आणि बायकोकडे नीट पाहिलं.

“नीला, वजन किती उतरलंय?”

“सात किलो.” थोडं थांबून ती पुटपुटली, “रक्तपण पडतंय, अहो. तीन आठवडे झाले.”

अप्पांनी शेगडी बंद केली आणि चपला घातल्या. “चल.”

डॉक्टर रेहाना मुलाणींनी सगळं ऐकून घेतलं. “काकू, ओव्यावर माझा राग नाही. एखादा दिवस बिघडलं तर मीही ओवाच खाते. पण दोन-तीन आठवड्यांत थांबलं नाही, वजन आपोआप उतरलं, दुखण्यानं झोपमोड झाली, तर डॉक्टर गाठायचा. आणि रक्त दिसलं तर त्याच दिवशी!”

“कॅन्सर असेल का?”

“बघितल्याशिवाय कसं सांगू? दुर्बीण घालू, आतड्याचा तुकडा तपासू.”

पाचव्या दिवशी निकाल आला. कॅन्सर नव्हता. मोठ्या आतड्याला आतून जखमा होत्या, वस्ती जवळजवळ ओस पडली होती.

“आणखी उशीर केला असता तर आतडं कापावं लागलं असतं,” डॉक्टर म्हणाल्या. “औषधं देते. आणि नवी वस्ती.”

“माझी जीभ?”

“जीभ तीच राहील. पण तिला काय हवं, हे थोडंफार खालून ठरतं. ते बदलेल. किती, ते मला सांगता येत नाही.”

“खोटं तरी बोलायचंत, बाई!”

“पोटाशी खोटं बोलूनच तर इथवर आलात.”

नीलांबरीला हसू फुटलं. तिनं सही केली.

दोन महिन्यांत ती टुणटुणीत झाली. कारखान्याचा जिना एका दमात चढू लागली. जुने झालेले धने आता लांबूनच वासावरून ओळखू लागली. तिचा जीव भांड्यात पडला.

आणि एका दुपारी मैत्रिणीनं डबा उघडला. आत सुकट होती. जन्मात मासळीला न शिवलेल्या नीलांबरीच्या तोंडाला पाणी सुटलं. लहानपणापासूनची लाडकी शेंगदाण्याची चटणी मात्र नकोशी वाटली.

घरी तिनं हे सांगितल्यावर अप्पा डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. “दाता नक्की कोकणातला असणार!”

तीही पोट धरून हसली. हसता हसता थांबली.

“अहो, चटणी इतकी वर्षं मलाच आवडत होती ना? की त्यांना?”

“कुणाला?”

“जुन्या वस्तीला.” तिचा आवाज उतरला. “तुम्ही मला बघायला आलात तेव्हा माझ्या पोटात कसंतरीच झालं होतं. तेवढ्यावर मी लगेच होकार दिला.”

अप्पांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं. “मग? आता काय वाटतंय?”

नीलांबरीनं त्यांच्याकडे पाहत पोटावर हात ठेवला आणि ती आतून येणाऱ्या उत्तराची वाट पाहू लागली.