पंख्यापुढची हाक

दिवा जरा बारीक करा. विझवू नका, बारीक करा. आणि कुणाला घरी जायचं असेल तर आत्ताच जा, मध्ये उठायचं नाही.

दत्तात्रेय मिस्त्री पनवेलचा. घड्याळं दुरुस्त करणाऱ्याचा मुलगा, हातही तसेच नाजूक. थापा मारणाऱ्यातला नव्हे. उलट बोलायचाच कमी, आणि त्या कमी बोलण्यापायी एका माणसाचं नाव मातीत गेलं.

एकोणसाठ सालच्या जानेवारीची दोन तारीख. शुक्रवार, मार्गशीर्ष वद्य अष्टमी. दत्तात्रेय भाऊच्या धक्क्यावरून लाँचनं रेवसला उतरला, एस.टी.नं अलिबागला आला, तिथून सायकलनं नागाव. काम साधंच. रतनशेटचं विमान तपासायचं, वहीत ‘उड्डाणास योग्य’ लिहायचं आणि खाली सही करायची.

रतनशेटचा मुंबईत लाकडाचा धंदा, नागावला नारळीची वाडी. लढाईनंतर लष्करानं लिलावात काढलेलं दोन माणसांचं लहान विमान त्यानं घेतलं होतं. ते उतरायचं पुळणीवर, अन् तेही ओहोटीला. कोळ्यांचा हिशेब तुम्हाला ठाऊक आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमीला सहाची भरती, बाराची ओहोटी. म्हणून हा शेट विमान उडवायचा तो पंचांग बघून. दुसऱ्या दिवशी नवमी. दुपारी पाऊणच्या ओहोटीला तो मुंबईच्या पाहुण्यांना एकेक करून समुद्रावरून फिरवणार होता.

विमान नटवायची त्याला भारी हौस. कातड्याच्या गाद्या, निळा रंग, नाकावरचा लाकडी पंखा काढून धातूचा. डोळ्याला दिसेल ते सगळं नवं. आतल्या तारा मात्र लढाईतल्याच. खारी हवा लोखंडाचा भुगा करते, तिथं तारेची काय कथा? शेटचा पहिला मिस्त्री रेवदंड्याचा यूनुस. स्विचची तार बदला, असं त्यानं तीनदा लिहून दिलं. शेट म्हणाला, “यूनुस, विमान तुझं की माझं?”

आता ही तार म्हणजे काय ते समजून घ्या, नाहीतर पुढचं कळणार नाही. त्या इंजिनात ठिणगी पाडणारं यंत्र बॅटरीवर चालत नाही. इंजिन चालू करायच्या आधी, पेट्रोल आत ओढायला, पंखा हातानं फिरवावा लागतो, अन् तेवढ्यानंही ते ठिणगी पाडतं. स्विच बंद करायचा म्हणजे एका तारेनं त्याचं तोंड दाबून धरायचं. तार तुटली की स्विच बंद दिसतो, पण यंत्र जागंच असतं. म्हणून रीत अशी. पंख्यापुढचा माणूस विचारतो, “स्विच बंद?” आतला बघून सांगतो, “स्विच बंद.” हे झाल्याशिवाय पंख्याला हात नाही.

त्याच्या आदल्या मे महिन्यात शेट आत बसला होता, यूनुस पुढे होता. पंखा फिरवता फिरवता इंजिन पेटलं, पातं गर्रकन फिरलं. यूनुसला मागे सरायलाही मिळालं नाही.

चौकशी झाली. कागद रंगवायला साहेब आले, शेटच्या वाडीत जेवले. शेट म्हणाला, यूनुसनं विचारलंच नाही. दत्तात्रेय आठ वर्षं यूनुसच्या हाताखाली, अपघाताच्या वेळी विमानाच्या शेडमागे कातड्यातून पेट्रोल गाळत होता. वारा उलटा होता. त्यानं सांगितलं, “मी हाक ऐकली नाही.” अहवालात उतरलं, ‘मयताने हाक दिली नाही.’ पेपरवाल्यांनी तेच छापलं. एकानंही रेवदंड्याला जाऊन त्याच्या बायकोला विचारलं नाही की बाई, तुझा नवरा कसा होता. बाजारात बायका गुलबानूला तोंडावर म्हणत, तुझाच माणूस बेफिकीर.

दत्तात्रेय गप्प बसला. यूनुसची जागा त्याला मिळाली होती.

तर त्या जानेवारीतल्या रात्री तो शेडमधल्या विमानात बसून कंदिलावर काट्यांची तबकडी तपासत होता. वाडीचा राखणदार तुकाराम बाहेर उभा. मे महिन्यापासून दत्तात्रेयानं पंख्याला हात लावला नव्हता. ते काम आता तुकारामचं.

“मिस्त्री, सही झाली का?”

“बघू दे तरी.”

“काय बघताव? शेटनं नवरीवानी सजवलाय. उद्या मी पंखा फिरवनार, मडमा फोटू काढनार. बायको म्हनते, धुतलेला सदरा घालून जा.”

“भीती नाही वाटत?”

“भिऊन पोट भरतंय व्हय? शेट आतून बोलतो बंद, म्हंजे बंद. आनी खाली तुमची सही हाय.”

तो चिंबोऱ्या धरायला ओहोटीवर निघून गेला. त्याची बत्ती लांब जाऊन ठिपक्याएवढी झाली.

दत्तात्रेयानं मांडीवर वही घेतली. ‘उड्डाणास योग्य’ लिहिलं. सही राहिली होती. घड्याळात बाराला पाच कमी. पाणी इतकं आत गेलेलं की लाटेचाही आवाज नाही. नारळीचं झाप हलत नव्हतं.

पंख्यापुढून कुणीतरी विचारलं, “स्विच बंद?”

“तुकाराम, ही चेष्टा नको.”



त्यानं वाकून समुद्राकडे पाहिलं. ठिपका तिथंच होता. लांब.

“स्विच बंद?”

आवाज शांत. कामातला. आठ वर्षं रोज ऐकलेला.

दत्तात्रेयाचा हात स्विचवर गेला. बंद होता. भीतीच्या आधी सवय बोलते... तोंडातून निघून गेलं, “स्विच बंद.”

पंखा हलला.

एक पातं खाली आलं. थांबलं. दुसरं वर गेलं.

त्यानं कंदील उचलला. पुढे कुणी नव्हतं. वाळू होती. काळोख होता.

पातं पुन्हा फिरलं. सावकाश... कुणी ओढावं तसं.

“स्विच बंद?”

“बंद... बंद आहे...”

आणि इंजिन पेटलं.

अख्खी शेड थरथरली. कंदील पडून विझला. तीन श्वास. चार. मग नळीतलं उरलेलं पेट्रोल संपलं आणि इंजिन बंद पडलं.

काळोख.

दत्तात्रेयाचा हात अजून स्विचवर. स्विच अजून बंद.

 मग तो हळू म्हणाला, “यूनुसभाई... ऐकली. हाक ऐकली मी.”



तुकाराम धावत आला, टोपली टाकून. “मिस्त्री, राती इंजन कशाला चालू केलंत?”

“मी नाही केलं.”

“मंग कोनी?”

 दत्तात्रेयानं त्याच्या हातातली बत्ती घेतली आणि तबकडीमागचे स्क्रू काढायला बसला. तीन वाजता तार सापडली. वरून धड, वेष्टनाच्या आत तुटलेली. कधी टेकायची, कधी सुटायची. उद्या सुटली असती तर तुकाराम धुतलेल्या सदऱ्यातच गेला असता.

त्यानं वहीतली ओळ खोडली. लिहिलं, ‘स्विच बंद असताना इंजिन पेटते. उड्डाणास अयोग्य. मे महिन्यातील दोष यूनुसचा नव्हे.’ सही केली. खाली तुकारामनं अंगठा दिला. नोकरी गेली हे दोघांनाही कळलं होतं. तुकाराम एवढंच म्हणाला, “ही वही हितं ठेवू नका. शेट जाळंल.”

वही सदऱ्यात घालून दत्तात्रेय सायकलनं निघाला. अक्षी नाही, अलिबाग नाही. सरळ चौल, पुढे रेवदंडा. पहाट व्हायची होती. गुलबानू फजरच्या, पहाटेच्या नमाजाला उठलेली. घरात ती एकटीच राहायची.

त्यानं दारातच उभं राहून वही वाचून दाखवली. तिनं शेवटपर्यंत ऐकलं.

“मला ठाऊक होतं,” ती म्हणाली. “तुम्हाला कळायला आठ महिने लागले.”

त्यानं मान खाली घातली. तिला वही द्यायची तर हात काळे होते, कोपरापर्यंत तेल.

“हात धुवून घ्या, भाऊ. नमाजाआधी हातपाय धुवायचं, वजूचं पाणी न्हाणीत आत्ताच भरलंय. मी अजून हात बुडवला नाही त्यात.”

तो न्हाणीत गेला. आणि पाण्याला हात लावायच्या आधीच त्यानं तिथूनच तिला हाक मारली.

घंगाळ काठोकाठ भरलेलं. वर इंजिनाचं काळं तेल तरंगत होतं.

पाणी अजून हलत होतं.