कातळावरची मोकळी जागा

आधी तो मोबाइल पालथा ठेवा, मग सांगतो. नाय ठेववत? बरं, निदान आवाज तरी बंद करा.

मी सोनबा, कुडपणचा. शाळा चौथीपर्यंत, त्यातलीही निम्मी मास्तरांच्या टोपीत खाजकुइली भरण्यात गेली. माणसांना भिववणं हा आपला आवडता उद्योग. गावाबाहेर मसणवटीच्या वर एक काळा कातळ हाय. दिवेलागण झाली की तिकडं पूर्वी कुणी फिरकत नसे. आणि फिरकलाच कुणी, तर घोंगडी पांघरून मी हजर! एक जावईबापू तर चपला तिथंच टाकून पळाले. वर्षभर मीच घातल्या.

आता त्याच कातळावर रोज जत्रा. सगळ्या गावात मोबाइलला रेंज येते ती तेवढी तिथंच. पोरं चटया घेऊन बसतात. भुतांचा धंदा बसला, त्यांच्याबरोबर माझाही.

त्या दिवशी निघालो होतो तो नातवाला बोलवायला. ओंकार महाडला, एमआयडीसीत कामाला. सकाळी सुट्टीवर आला. म्हणजे पिशवी घरात आली, तो परस्पर कातळावर गेला. घरात आमची म्हातारी, ठमाबाई, अंथरुणाला खिळलेली. पोलादपूरच्या डॉक्टरनं "घरी न्या" एवढंच सांगितलं होतं, त्याचा अर्थ मलाही कळला होता अन् तिलाही. कूस बदलायलासुद्धा तिला दुसऱ्याचा हात लागायचा. दिवसभर एकच, "वंकार आला का वो? त्याचं तोंड दाखवा."

दुपारी बोलवायला गेलो, तर म्हणाला, "आलोच आजा, पाच मिनिटं."

सांज झाली. शेजारच्या मंजुळाला ठमीजवळ बसवलं आणि खुंटीवरची घोंगडी काढली. म्हटलं, मायेनं येत नाय, तर भीतीनं तरी घराकडं पळेल.

दरीतून धुकं वर चढत होतं. ओल्या राखेचा वास येत होता. कातळावर पोरं ओळीनं बसलेली, माना खाली, तोंडं निळी. कुणाच्या तरी मोबाइलमधून एक बाई हसायची, मधेच तुटायची, पुन्हा तेच हसायची. बाकी रातकिडासुद्धा गप्प. मी घोंगडी डोक्यावरून ओढली, पुढं सरकलो आणि अशी कोल्हेकुई केली, की माझ्याच अंगावर काटा आला.

पोरांतला शुभम मान न उचलता म्हणाला, "सोनबा आजा, बाजूला व्हा. रेंज अडतेय."

उभ्या जन्मात माझ्या भुताचा असा अपमान झाला नव्हता.

तेवढ्यात ओळीतली एक मान वर झाली. एकच. ओंकारच्या खांद्याला खांदा लावून बसलेली. हातात मोबाइल नव्हता, तोंड मात्र तसंच निळं.

"ठमे...? तू कशी आलीस गो इथं?"

"हळू..." तिनं ओठांवर बोट ठेवलं. "त्याचं काय तरी चाललंय. आत्ता बघंल वर..."

आणि पुन्हा त्याच्या तोंडाकडं बघत राहिली.

मी हाक मारली, "ओंकार... बाजूला बघ रे..."

"पाच मिनिटं, आजा."

मी पळालो. घरी आलो तर मंजुळा दारात उभी. "भावजी, कुठं होता? दिवा लावला आणि वयनी गेल्या. शेवटपर्यंत दाराकडं बघत होत्या..."

खाली बघितलं, तर पाय अनवाणी. चपला कातळावरच राहिल्या होत्या.

ओंकार आला, खूप रडला. रडता रडताच कातळावर परत गेला, आजीचा फोटो टाकायला. मोबाइलवर हात जोडलेली चित्रं मोप आली. खांद्याला चौथा माणूस मात्र मी दारोदार हिंडून शोधला.

बारावं उरकलं तशी चपला आणायला कातळावर गेलो. पोरं तशीच ओळीनं. दवानं सगळा कातळ ओला. ओंकारच्या शेजारी मात्र माणूसभर जागा मोकळी होती, आणि तेवढीच कोरडी. पाय दुखत होते, म्हणून तिथं टेकायला गेलो.

"तिथं नको, आजा." मान खाली, अंगठा चालूच. "आजी बसलीय."

माझे गुडघे अर्ध्यात वाकलेले, ते तसेच राहिले.

"अरे... मग बघ की तिच्याकडं."

"हो," तो म्हणाला. "पाच मिनिटं."