खिशात सापडलेलं

तो पहिल्यांदा दुकानात आला तो पाठ भिंतीला लावून, तिरका तिरका चालत. पँट मागून फाटली होती आणि समोरच्या इमारतीतली लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली होती. लिफ्टमध्ये कुणी नव्हतं, पण खाली अख्खी इमारत तो ती कधी दुरुस्त करतो याची वाट बघत उभी होती.

"पडद्यामागे जा आणि पँट बाहेर द्या," ती म्हणाली.

"आणि मी?"

"तुम्ही आतच थांबा. तेवढंच सगळ्यांच्या हिताचं आहे."

पडद्यामागून हसल्याचा आवाज आला. तिने पँट उलटी केली. एक, दोन... सहा खिसे. कपडे दुरुस्तीचं हे दुकान तिच्या मावशीचं, आणि मावशीचा नियम कडक होता. खिशात जे सापडेल ते लिफाफ्यात घालायचं, वहीत गिऱ्हाइकाच्या नंबरापुढे लिहायचं आणि टाचणीने कपड्याला लावून परत द्यायचं. घडी केलेला कागद असेल तर उघडायचा नाही. सहाव्या खिशात अर्धं बिस्किट निघालं.

"हेसुद्धा परत देणार?" पँट चढवून तो बाहेर आला तेव्हा लिफाफा बघून म्हणाला.

"नियम म्हणजे नियम."

त्याने लिफाफा उघडला, बिस्किट तोंडात टाकलं आणि जाता जाता काउंटरवरची चिठ्ठी वाचली. 'लवकरच. दर रविवारी सकाळी दहा वाजता एक पत्र तुमच्या ईमेलवर.' न्यूजलेटर सुरू करायचं तिच्या डोक्यात महिनाभर घोळत होतं, नुसता विषय मिळत नव्हता. तो त्या दिवशी मिळाला. रविवारी तिने अर्ध्या बिस्किटावर पत्र लिहिलं आणि शेवटी वचन देऊन टाकलं, इथे कुणाचं नाव येणार नाही आणि खोटं एकही वाक्य येणार नाही. वाचक चार. मावशी, दुसऱ्या ईमेलवरून पुन्हा मावशी, एक मैत्रीण, आणि 'दुरुस्ती-सात' नावाचं कुणीतरी. हे कुठलं तरी ऑफिस असावं, असं तिने ठरवून टाकलं.

बघता बघता वर्ष झालं. शनिवारी दुपारी ती बावन्नावं पत्र लिहायला बसली तेव्हा वाचक होते सहाशे बारा. वर्षभराचा आढावा घ्यायचा म्हणून तिने सगळी पत्रं एकापाठोपाठ एक वाचून काढली आणि बऱ्याच ठिकाणी स्वतःशीच हसली. सतरावं पत्र तिने तापात मावशीला सांगून लिहून घेतलं होतं, आणि मावशीने मध्येच परकराचा घेर कसा मोजावा हे घुसडलं होतं. त्या आठवड्यात सगळ्यात जास्त उत्तरं आली. पाचवं पत्र एका घडी केलेल्या कागदाबद्दल होतं, न उघडता परत दिलेल्या. ते लोकांनी एकमेकांना पाठवलं आणि वाचक दोनशेवर गेले. आणि चोविसावं... हिरव्या गोटीचं. एकविसाव्या पत्रात तिने लिहिलं होतं की लहानपणी तिची एक गर्द हिरवी गोटी गटारात पडली आणि तशी पुन्हा कधी दिसली नाही. तीनच आठवड्यांनी अगदी तशीच गोटी एका खिशात सापडली. योगायोगावर विश्वास बसला, असं कितीतरी जणांनी कळवलं होतं.

तारीख बघायला म्हणून तिने मावशीची वही उघडली. एरवी कपडे घ्यायची मावशी, खिसे रिकामे करायची मावशी, नंबर टाकायची मावशी. मागे मशीनवर तिच्यापर्यंत यायच्या त्या फक्त वस्तू. हिरवी गोटी, नंबर सत्तावीस. शिंपला, सत्तावीस. शिट्टी, सत्तावीस. नऊ वस्तू, आणि नऊही एकाच माणसाच्या.

"मावशी, सत्तावीस कोण गं?"

"सहा खिसे," मावशी दोरा ओवत म्हणाली. त्याला ती वर्षभर याच नावाने हाक मारत होती.

तिने वही मिटली. दर शनिवारी चारला येणारा तो. बटणं याची तुटतात तरी किती, असं म्हणत ज्याच्यासाठी ती साडेतीनलाच केस नीट करायची, तो. आणि सहाशे बारा लोकांना दिलेलं ते वचन. उद्या सकाळी त्यांना काय सांगायचं? गोटी मुद्दाम ठेवलेली होती? की गप्प बसायचं?

चारला दार वाजलं. तो त्याचा कोट न्यायला आला होता. मागच्याच आठवड्यात तिने त्याचं अस्तर बदललं होतं, खिशांसकट.

"हिरवी गोटी तुमची?" तिने सरळ विचारलं.

तो दारातच थबकला. "...हो."

"शिंपला?"

"हो."

"आणि शिट्टी?"

"शिट्टी भाचीची. पण खिशात ठेवली मीच."

"म्हणजे तुम्ही वाचता."

"दुरुस्ती-सात," तो खाली बघत म्हणाला. "आमच्या गाडीचा नंबर."

पहिल्या पत्रापासून दर रविवारी दहा वाजून एक मिनिटाने पत्र उघडणारा वाचक. तिचे कान तापले. राग होता, आणि रागाखाली दुसरंही काहीतरी होतं, ते तिने तूर्त दाबून ठेवलं.

"का केलंत असं?"

"चौदाव्या पत्रात तुम्ही लिहिलं होतं, या आठवड्यात कुणाच्या खिशात काही निघालं नाही, आता लिहू तरी काय. मला वाटलं, हे बंद पडणार. मी लिफ्टवाला... काही बंद पडलेलं मला बघवत नाही."

"मी लोकांना सांगितलं होतं, इथे खोटं नाही."

"तुम्ही नाहीच लिहिलंत खोटं. चूक माझी. उद्या तसं लिहा ना. नाव घाला, नंबर घाला."

"सत्तावीस," मागून मावशी म्हणाली.

"मावशी, तुला माहीत होतं?"

"मला डोळे आहेत. एवढी बटणं आपोआप तुटत नाहीत. आणि तू बोलताना बरी दिसत होतीस त्याच्याशी. मी कशाला मध्ये पडू?" एवढं बोलून मावशी कापडाच्या गठ्ठ्यांमागे गेली, पण फार लांब गेली नाही.

तो अजून उभाच होता. "एक गोष्ट मात्र मी ठेवली नव्हती. खिशात खरंच विसरलो होतो." त्याने पाकिटातून एक चपटा लिफाफा काढला. दुकानाचाच. टाचणी अजून तशीच होती. "पाचव्या पत्रातला कागद. तुम्ही उघडला नाहीत, आणि नंतर मलाही धीर झाला नाही. आता... उघडा."

"मी खिशातले कागद उघडत नाही."

"हा खिशात नाही. हातात आहे."

तिने टाचणी काढली. अक्षर घाईचं होतं, एका कोपऱ्यात ग्रीसचा अंगठा उमटलेला.

'तिसऱ्या पत्राच्या शेवटी तुम्ही विचारलंय, कुणी वाचतंय का. मी वाचतोय. आज लिफ्टच्या टपावर बसून वाचलं आणि इतका हसलो की चौथ्या मजल्यावरच्या आजी घाबरल्या. अर्धं बिस्किट माझं होतं. उरलेलं अर्धं तुमच्याबरोबर चहात बुडवून खायचंय. शनिवारी याल?'

तिने दोनदा वाचलं. मग तिसऱ्यांदा, उगाचच.

"तो शनिवार होऊन अकरा महिने झाले," ती म्हणाली. आवाज कडक ठेवायचा तिचा बेत होता, तो काही जमला नाही.

"हो. पत्र पोचायला जरा वेळ लागला."

"आणि मी अजून रागावलेली आहे."

"चहा घेताना रागावा. मी ऐकतो."

"जा गं," गठ्ठ्यांमागून मावशी म्हणाली. "दुकान मी बंद करते."

बाहेर बोचरा वारा सुटला होता. रस्ता ओलांडताना ती नियमांबद्दल बोलत राहिली, वचनाबद्दल, वाचकांबद्दल, आणि तो एकेका वाक्याला मान डोलावत राहिला. बोटं गारठली तेव्हा तिने फार विचार केला नाही. अस्तर तिनेच घातलेलं, खिसा तिनेच शिवलेला... तिने सरळ त्याच्या कोटाच्या खिशात हात घातला. आत काहीतरी आधीच होतं. तिने हात काढून घेतला नाही.

रविवारी दहाला पत्र गेलं. त्यात तिने सगळं खरं खरं लिहिलं होतं. गोटी, शिंपला, शिट्टी, उरलेल्या सहा वस्तू, आणि त्या ठेवणाऱ्याला न ओळखणारी आपली नजर. वाचकांची माफी मागितली होती. आणि दर वेळच्या जागी, अगदी शेवटी, एवढंच होतं:

'या आठवड्यात खिशात सापडलं: एक हात. उबदार, बोटांना थोडं ग्रीस. दुकानाचा नियम मोडला आहे. मालकाला परत दिलेला नाही.'

दहा वाजून एक मिनिटाने पत्र उघडलं गेलं. दोन मिनिटांनी 'दुरुस्ती-सात'कडून वर्षातलं पहिलं उत्तर आलं.

'मालकाला परत नको आहे.'