भिंतीवर न टांगलेलं इंद्रजाल

"ते झाड नाही," मी म्हणाले.

आणि लगेच वाटलं, बोलायला नको होतं. नांदेडहून आलेल्या बसनं मला वारंगा फाट्यावर उतरवलं होतं. गावाकडची गाडी यायची होती. ऊन चुकवत मी एका फोटो-फ्रेमच्या दुकानाच्या सावलीत सरकले होते, एवढंच.

दुकानातल्या तरुणानं मान वर केली. त्याच्यापुढं लाल मखमलीवर काळं, जाळीदार, पंख्यासारखं काहीतरी पसरलं होतं. त्याच्या फांद्या तो इतक्या हलक्या बोटांनी सरळ करत होता, की क्षणभर मी बोटंच बघत राहिले.

"मंग काय हाय, मॅडम?"

"प्राणी."

"हे?" तो हसला. "शेपूट कुठंय याचं?"

"एक नाही, हजारो प्राणी. हा समुद्रपंखा, प्रवाळांच्या गोतातला. या बारीक खड्ड्यांत एकेक जीव राहायचा."

"आन् तुमी हे फाट्यावर उभं राहून सांगून राहिल्या! इथून समुद्र किती लांब हाय, म्हाईत हाय का?"

"आहे. तिथूनच आलेय."

मी पिशवीतून भिंग काढलं. तो वाकला. ताज्या कापलेल्या लाकडाचा वास माझ्यापर्यंत आला... मी थोडी मागं सरकले. थोडीच.

"खड्डे हायेत की," तो पुटपुटला. "रांगेनं."

"कुणी दिलंय हे फ्रेम करायला?"

"हायेत एक नामाजी. मेंढरंवाले. त्यांच्या पोरीला समुद्राचं याड लागलंय म्हणं. कुण्या बाबानं सांगितलं, घरात हे इंद्रजाल लावा, पोरगी गुमान लग्नाला उभी राहते." त्यानं सुस्कारा सोडला. "मला तर त्या पोरीचीच दया येऊन राहिली."

"दया नको. ती पोरगी मीच."

त्यानं जीभ चावली. भिंगातून त्याचा एक डोळा माझ्याकडं बघत होता – मोठ्ठा, घाबरलेला आणि तरीही हसरा.

त्याचं नाव कुलदीप. जवळच्याच बंजारा तांड्यावरचा.

मी सुट्टीवर आले होते. सुट्टी संपली की मालवणजवळच्या प्रवाळांच्या पाहणीत मला रुजू व्हायचं होतं. पाण्याखाली उतरायचं, कुठलं प्रवाळ कुठल्या जातीचं ते ओळखायचं, कुठलं जिवंत, कुठलं आजारी ते नोंदवायचं. घरी मात्र माझ्यासाठी स्थळ बघणं सुरू होतं.

आणि मला फाट्यावर रोज काहीतरी काम निघायला लागलं. कधी पेन. कधी नुसतीच गाडीची चौकशी.

"आज काय इसरलं, मॅडम?"

"दोरा."

"दोऱ्याचं दुकान तिकडं हाय."

"माहीत आहे," मी म्हणायची आणि स्टूल ओढून बसायची.

एकदा मी त्याला मोबाइलमधले प्रवाळांचे फोटो दाखवले. हरणाच्या शिंगांसारखे, कोबीच्या पानांसारखे. एका पांढऱ्याशुभ्र फोटोवर तो थांबला.

"हे सगळ्यात देखणं!"

"ते मरणाच्या दारात आहे, कुलदीप. पाणी फार तापलं की रंग निघून जातो."

तो हळूच म्हणाला, "परत येतो का... रंग?"

"पाणी वेळेत निवलं तर."

"मंग तुमाला गेलंच पाहिजे," तो म्हणाला. अगदी सहज.

आजवर मला हे कुणीच म्हटलं नव्हतं. पुढचा फोटो दाखवायला मी बोट उचललं, पण ते सरकेचना.

सुट्टी संपत आली, तशी आबांनी फ्रेम मागवली. कुलदीप स्वतः आला, कागदात गुंडाळलेलं इंद्रजाल घेऊन. आबा भिंतीत खिळा ठोकून तयारच होते.

"फ्रेम कुठंय?"

"केली न्हाई, काका. करणार बी न्हाई. हे घरात ठेवणं गुन्हा हाय, वाघाचं कातडं ठेवल्यावानी. वनविभागाकडं देऊन टाका."

"तुला कोन इचारलं रे? तांड्यावरून आला, आन् आमाला कायदा शिकवून राहिला!"

"आन् ही रोज फाट्यावर काहून जाती, ते बी समदा गाव इचारून राहिला," आई करवादली.

मी इंद्रजालाची एक तुटकी काडी घेतली, चुलीतल्या निखाऱ्यावर धरली आणि आबांसमोर नेली. धूर निघाला. ज्या माणसाचा जन्म मेंढरांत गेला, त्याला सांगावं लागलं नाही.

"लोकर?" आबा चमकले. "लोकर जळल्यावानी..."

"झाड न्हाई, आबा. जितराब हाय. आख्खा कळप, एका जागी बसलेला. माझ्यापेक्षा बी वयानं मोठा असंल. कुणीतरी तो मुळासकट तोडून इकला."

आबांनी इंद्रजाल हातात घेतलं. त्यांचा अंगठा त्या जाळीवरून हळूहळू फिरला.

"म्हंजी तू कळप राखायला चालली?"

"व्हय."

आबांनी इंद्रजाल पुन्हा कागदात गुंडाळलं.

"मंग जा," आबा म्हणाले. "पर या पोराचं नाव या घरात काढायचं न्हाई."

मी मुळात गप्प माणूस. अर्ध्या विजयावर समाधान मानून गप्प बसणं मला सहज जमलं असतं.

"कुलदीप," मी म्हणाले. "घ्या, काढलं. लग्न करीन तर याच्याशी. न्हाईतर करणारच न्हाई."

आईनं पदर तोंडाला लावला. कुलदीपचे कान लाल झाले.

"पर... मला कुणी इचारलंच न्हाई अजून," तो चाचरत म्हणाला.

"आता विचारते. चालेल?"

त्यानं आधी आबांकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "चालंल म्हंजी... काय! पळंल की!"

तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं – इतका वेळ तो उंबऱ्याबाहेरच उभा होता. आत ये, असं त्याला कुणी म्हटलंच नव्हतं.

"आत ये," मी म्हटलं.

त्यानं चपला काढल्या, आत आला आणि सतरंजीवर माझ्या शेजारी बसला. आई-आबा बघत होते. दारातून शेजारचेही डोकावले.

बघू देत.