आफरीनचा ग्लास

आफरीन पहिल्यांदा दुकानात आली तेव्हा रत्नागिरीत वीज गेली होती आणि मी पुठ्ठ्याने वारा घेत बसलो होतो. आज ती या जगात नाही. तो उकाडा मात्र मला अजून आठवतो.

"बायोटिन आहे? दहा मिलिग्रॅम."

माझ्या औषधाच्या दुकानात मुली ते केसांसाठीच मागतात. मी तिच्या जाड वेणीकडे पाहिलं. "तुम्हाला कशाला?"

"वेणी नाही, मी टिकायला हवी ना... म्हणून."

मी ओशाळलो. मग तिनेच सांगितलं. शरीरात बायोटिन हवं तिथं जोडून देणारं एक एन्झाइम असतं – लायगेज. तिचं जन्मापासून अशक्त.

"म्हणजे जोडणारा कामचुकार?"

"कामचुकार नाही हो! हात थरथरतो बिचाऱ्याचा. समोर भरपूर माल ठेवला की जमतं त्याला."

मी कोल्हापूरहून गोळ्या मागवू लागलो. ती महिन्याने यायची. मधल्या दिवसांत बाहेर रिक्षा थांबली की मी मान वर करायचो.

"फोन करा, घरी पोचवीन," मी एकदा म्हटलं.

"म्हणजे येऊ नको?"

"तसं नाही..."

"मग कसं?" विचारून ती निघूनही गेली.

शेवटी ती आवडते, एवढंच मी घरी सांगितलं. अम्माने तिला आणि तिच्या फुफीला, म्हणजे आत्याला, जेवायला बोलावलं. आजारामुळे आफरीनची दोन स्थळं मोडली होती. म्हणून फुफीने तिला गप्प राहायला बजावलं होतं.

अम्माची एक रीत होती. पसंत पडलेल्या मुलीला ती दुधात कच्चं अंडं फेटून द्यायची. नाही म्हणणं म्हणजे नातं नाकारणं.

"पी गो. हाडं दिसतायत तुझी."

कच्च्या अंड्याचा पांढरा भाग बायोटिन धरून ठेवतो, शरीराला मिळू देत नाही. तिला ते वर्ज्य होतं. आफरीनने माझ्याकडे पाहिलं... आणि ग्लास ओठांकडे नेला.

मी तो काढून घेतला आणि गटागटा प्यायलो.

"इद्रीस! लाज नाय तुला?"

आफरीन उभी राहिली. "अम्मा, मला जन्माचा आजार आहे. गोळ्या आयुष्यभर लागतील. नको असेन तर आत्ताच सांगा."

फुफीने कपाळाला हात लावला. अम्माने माझ्या हातातून रिकामा ग्लास घेतला.

"गोळ्या देतो कोण?"

"मी," मी म्हटलं.

"मग एवढे महिने पोरीला उन्हातून कशाला फिरवलंस, मेल्या?"

रिक्षापाशी आफरीनने हळूच विचारलं, "कच्चं अंडं आवडतं तुम्हाला?"

"मळमळतंय."

ती ओढणीत तोंड लपवून हसली. "मग... कबूल."

रिक्षा वळणाआड गेली तरी मी तिथेच उभा होतो. तेव्हा ती परत येणार होती.