सुपभर कोंडा

१९७४ सालचा मार्च. सोलापुरातल्या आमच्या बालरोग विभागात दोन पंखे होते. त्यातला एक फिरायचा. त्याच्याखाली अत्यवस्थ मुलांच्या खाटा आणि कोपऱ्यात माझं संशोधन, म्हणजे एक वही नि बर्फाची पेटी. काही मुलांच्या रक्तात रोगाशी लढणारी प्रथिनंच का नसतात, हे मला शोधायचं होतं. मुलाच्या नमुन्यासोबत तुलनेसाठी निरोगी माणसाचं रक्त पुण्याला पाठवावं लागे. सुई दिसली की निरोगी माणसं पळतात, म्हणून दर वेळी मी माझंच पाठवी.

मंद्रूपच्या चंद्रव्वाचा सिद्धाराम अकरा महिन्यांचा. आधीची दोन पोरं न्यूमोनियानं गेलेली. याचा अहवाल आला: प्रथिनं जवळजवळ शून्य. ताप पेनिसिलिनलाही जुमानेना.

चंद्रव्वानं पोर सरळ माझ्या मांडीवर ठेवलं.

"सायेब, आमच्यात पोरं जगंनात तर दुसऱ्याला देऊन टाकत्यात. जगलं की सुपभर कोंडा देऊन परत घ्यायचं. माजं म्हना की."

"बाई, हा दवाखाना आहे."

"म्हणून टाका, साहेब," कमरबी सिस्टर म्हणाल्या. "आपल्याकडं दुसरं औषध तरी कुठं उरलंय?"

"माझं," मी म्हणालो. केसपेपरवर मात्र लिहिलं नाही.

तिसऱ्या दिवशी ताप उतरला. पंधरवड्यानं पुन्हा दोन नमुने पाठवले. सिद्धारामचं रक्त उत्तम, माझं शून्य. नमुन्यांची अदलाबदल झाल्याचं मी पुण्याला कडक पत्र लिहिलं. त्यांनी पुन्हा तपासणी केली आणि माझ्याहून कडक पत्र पाठवलं.

सप्टेंबरात चंद्रव्वा आली. कडेवर गुटगुटीत सिद्धाराम, डोक्यावर सूप. तपासायला झबलं काढलं, तर डाव्या दंडावर देवीच्या लशीचे तीन वण.

मी भडकलो. अशा मुलाला ती लस जीवघेणी. टोचू देऊ नका, असं मीच बजावलं होतं.

"कुणी टोचलं?"

"कुनी न्हाय. हितनं नेला तवापासनं हाय की. मला वाटलं, तुमीच."

दोन वण सरळ होते. तिसरा खाली घसरलेला. तिसरीत असताना, टोचणाऱ्यासमोर मी हात मागं ओढला होता. तेव्हा माझ्या दंडावरचा तिसरा वण घसरला होता, तसा.

चंद्रव्वानं सूप पुढं केलं.

"घ्या की. माजं पोरगं मला द्या."

मी सूप परत सरकवलं.

"पोराला घेऊन जा. कोंडा म्हशीला घाल."

"मग पोरगं कुनाचं?"

"माझंच राहू दे. सांभाळ तू."

ती हसली. "लई लोभी हाय बगा डॉक्टर," असं सिस्टरना सांगत एसटीला गेली. मला कित्येक महिन्यांनी हलकं वाटलं.

मग दार लावलं.

शर्टाची बाही वर केली.

दंड अगदी कोरा होता, तान्ह्या मुलाचा असावा तसा.